चौथा क्लॅम्प

"दादा, एकदा नजर टाक ना, मग चालू करतो," धाकटा म्हणाला आणि मशीनपासून बाजूला झाला.

थोरला उठला, पण सावकाश. मागच्या खोलीत धाकट्याने ते धातू कापायचं मशीन मांडलं होतं, जेवायच्या टेबलाच्या निम्म्या मापाचं. चौकट भंगारातली, मोटरी कुठल्याशा बंद पडलेल्या पॅकिंग मशीनच्या. पण या सगळ्यांना हुकूम सोडणारा कंट्रोलर मात्र त्याने आठ महिने डोकं खपवून स्वतः जुळवलेला. तो सध्या प्लास्टिकच्या डब्यात नांदत होता. आज त्याच्यासाठी ॲल्युमिनियमचं झाकण कापायचं होतं. मशीनचं हे पहिलं खरं काम.

आणि समोर खुर्ची टाकून बाबा बसले होते. थोरल्याला खुपत होतं ते हेच.

बाबांची उभी हयात मिलिंग मशीनवर धातू कापण्यात गेली. थोरल्याने त्यांचाच धंदा उचलला. त्यांच्याच कारखान्यात, त्यांच्याच मशीनवर तो सव्वीस वर्षं उभा आहे. एवढ्या वर्षांत बाबांच्या तोंडून एकदा तरी 'छान झालंय' निघालं असेल तर शपथ. आणि धाकटा! ऑफिसात फायली सरकवणारा. त्याने कॉम्प्युटर बडवून तीन मोटरी फिरवल्या काय, बाबा आल्यागेल्याला हाताला धरून आत न्यायला लागले. दूधवाल्यालासुद्धा सोडलं नाही. डोळ्यांना आता जेमतेम उजेड-अंधार कळतो, तरी रोज संध्याकाळी मोटरीवर हात ठेवून बसतात. "हात लावून बघ, लोण्यासारखी चालते," म्हणतात. हे ऐकलं की थोरला अर्ध्या ताटावरून उठे.

तो मशीनवर वाकला. अर्ध्या तासापूर्वी धाकट्याने कटर वर उचलून हवेतल्या हवेत अख्खी फेरी चालवून दाखवली होती. थोरल्याने तेव्हा डोळ्यांत तेल घालून चूक शोधली आणि ती सापडली नाही, म्हणून आणखीच चरफडला. मग बाबांनी कापायच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटवर बोटं फिरवली. "हा कोपरा थरथरेल रे, इथे धर अजून," म्हणाले. धाकट्याने लगेच तिथे प्लेट दाबून धरायला चौथा क्लॅम्प आवळला. हवेतली फेरी पुन्हा काही चालवली नाही.

थोरल्याला एका नजरेत दिसलं. शेवटच्या वळणाला कटर याच कोपऱ्यातून अंगठाभर बाहेर येतो. चौथा क्लॅम्प बरोबर त्याच्या वाटेत होता. पोलादी क्लॅम्प आणि वर पोलादी नट. दोन बोटं सरकवला की झालं. "क्लॅम्प सरकव," एवढं म्हणायचं होतं.

होऊ दे एकदा फजिती, त्याच्या मनात आलं. कळू दे बाबांना, लोणी कसलं ते.

"हं," तो म्हणाला.

"ठीक आहे सगळं?"

"हं म्हटलं ना."

धाकट्याने बटण दाबलं. कटर प्लेटमध्ये उतरला आणि चंदेरी कीस उडायला लागला. एक बाजू झाली. दुसरी झाली. कडा अशी सुरेख येत होती की थोरल्याच्या हातूनही त्याहून बरी आली नसती, आणि हे त्याचं त्यालाच कळत होतं. नको, थांबवावं, अजून वेळ आहे, असं वाटून त्याने तोंड उघडलंही.

"थोरल्या," बाबा मान कलती करून म्हणाले, "आवाज ऐकतोयस का? याला म्हणतात काम."

थोरल्याने तोंड मिटलं.

शेवटच्या वळणाला खाडकन आवाज झाला. कटरचा तुकडा भिंतीवर आपटला. धाकट्याने झडप घालून लाल बटण दाबलं आणि खोली एकदम शांत झाली.

"लोखंडाला लागला," बाबा म्हणाले. त्यांना दिसायची गरजच नव्हती. "मी लावायला सांगितला तो क्लॅम्प वाटेत होता का रे?"

"क्लॅम्पलाच लागलाय बाबा, पण तो वाटेत नव्हता." धाकट्याचा चेहरा उतरला होता. "दादाने बघितलं होतं ना नंतर. त्याच्या नजरेतून सुटेल होय? मशीनच भरकटलं. माझ्या कंट्रोलरनेच कुठेतरी माती खाल्ली."

थोरला उभा होता तिकडे बाबांनी तोंड वळवलं. त्या डोळ्यांना काही दिसत नाही हे माहीत असूनही थोरल्याने मान खाली घातली.

"तू बघितलं होतंस?"

"हो."

"नीट?"

"हो, बाबा."

बाबा खुर्चीत मागे टेकले.

"बरं," म्हणाले. "मग उघड तो डबा, धाकट्या. सगळं सोडव. पहिल्यापासून."

धाकट्याने स्क्रू काढले. आत तारांची दाटी होती आणि प्रत्येक तारेला बारीक अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली. त्याने पहिली तार ओढली, चिठ्ठीसकट बाजूला ठेवली.

"दादा, तू जाऊ नकोस हं," तो वर न बघता म्हणाला. "तू समोर असलास की मला धीर येतो."

त्याने दुसरी तार काढली, मग तिसरी. बाबांचं तोंड अजून थोरल्याकडेच होतं.