नट धरायला माणूस

भोकात बसवलेली पुंगळी जागच्या जागी फिरू लागली. मिस्त्रींनी ती बोटाने पुन्हा एकदा फिरवून पाहिली आणि सुपरवायझरला हाक मारली.

गाडी चिलखती व्हायची होती. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्याच्या भिंतीवर जाड पोलादी प्लेट चढवायची, त्यासाठी पत्र्याला भोकं पाडून प्रत्येकात आटे असलेली पुंगळी घालायची. पुंगळी बसवायच्या गनचा खटका दाबला की ती पलीकडून फुगते आणि पत्र्याला घट्ट धरते. मग तिच्यात बोल्ट पिळायचा. सगळं एका बाजूने, एकट्याचं काम. गन आली नव्हती तोवर पलीकडून नट धरायला माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे बारक्या. सीटमागच्या एवढ्याशा फटीतही तो आरामात मावायचा. आता त्याला गेटवरच्या केबिनमध्ये बसवलं होतं.

"भोक मोठं झालंय," सुपरवायझर वाकून म्हणाला. "मिस्त्री, तुमच्याकडून?"

"ड्रिलला बिट चुकीचं लागलं. वय झालं, साहेब."

"वेल्डिंग मारून टाकू?"

"मारा की. प्लेट तापून मऊ पडली तर गोळीला सांगू, बाई, इथून येऊ नको."

सुपरवायझर हसला. "मग काय करायचं?"

"आरपार बोल्ट घालू. पुंगळीपेक्षा पक्का बसतो. फक्त पलीकडून नट धरायला कुणीतरी हवं." एवढं बोलून मिस्त्री हात पुसत राहिले. नाव त्यांनी घेतलं नाही.

"गेटवरच्या बारक्याला बोलावतो," सुपरवायझरच म्हणाला.

बारक्याची बायको जाऊन महिना होत आला होता. रोज सुटताना मिस्त्री गेटवर रेंगाळत. बारक्या त्यांची पिशवी उघडून बघे, परत देई. "बरंय ना?" "बरंय." पुढे शब्द फुटत नसे. समोरासमोर दोघांना कधी बोलता आलंच नव्हतं. मुलीचं लग्न, आईचं दुखणं, भावाशी आलेलं वितुष्ट, जे काही बोलले ते पत्र्याच्या दोन बाजूंनी. गन आल्यापासून मिस्त्रींचा दिवस मुका जाई. तोंड उघडायचं ते डबा खायला. त्यात बायको गेल्याचं विचारायचं राहूनच गेलं होतं.

बारक्या आला. मिस्त्रींकडे न बघता वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूने आत शिरला.

मिस्त्रींनी बोल्ट घातला आणि पान्याच्या दांड्याने पत्र्यावर दोनदा ठोकलं. पलीकडे नुसती खुडबुड. मग दोन ठोके आले.

"धरलाय."

सुपरवायझरचा फोन वाजला, तो बोलत चार पावलं लांब गेला. मिस्त्रींनी पाना अर्धा फेरा फिरवला आणि थांबवला.

"जेवणाचं काय करतोस?"

"करतो माझं मीच."

"जमतं?"

"जमतं. मीठ राहून जातं." पलीकडे पाना पत्र्याला घासला. "ती मीठ टाकायची तेव्हा कधी बघितलंच नाही रे."

मिस्त्रींनी आणखी थोडं पिळलं. "तुला काय विचारावं, कळत नव्हतं मला."

"ठाऊक आहे. गेटवर थांबायचास की तू."

मिस्त्री होता होईल तेवढा सावकाश पाना फिरवत होते, पण बोल्ट शेवटी आवळायचा तेवढा आवळला गेला. आता तो तसूभरही पुढे जाईना.

"झालं का?" सुपरवायझरने लांबूनच विचारलं.

"झालं," मिस्त्री म्हणाले.

पलीकडचा पाना मात्र निघाला नाही. बारक्या उठल्याचीही चाहूल लागेना.

"साहेब," आतून आवाज आला, "ही शेजारची पुंगळी पण फिरतेय हो."

शेजारची पुंगळी मिस्त्रींनी सकाळी स्वतः बसवली होती, बोल्ट पिळून तपासलीही होती. ती हलणं शक्य नव्हतं.

सुपरवायझरने कपाळाला हात लावला. "करा बाबा काय करायचं ते," म्हणाला आणि फोन कानाला लावून निघून गेला.

मिस्त्रींनी ड्रिलला मोठं बिट लावलं.