नागपूरच्या विमानाची शेवटची पुकार

कडूबा तेजनकर यांचा श्वास सकाळपासून तुटत होता. सुलतानपूरच्या घरात त्यांच्या उशाशी थोरला गजेंद्र फोन धरून बसला होता. फोनवर धाकटी करिष्मा दोहाच्या विमानतळावरून धावत बोलत होती. लंडनहून आलेलं तिचं विमान उशिरा उतरलं होतं आणि नागपूरचं विमान सुटायला आलं होतं. ते चुकलं तर बाप पुन्हा दिसणार नव्हता.

“पय वं! शाळेत तर सगळ्यायच्या पुढं राह्यत होती.”

“पयूनच राह्यली, दादा. बाबाले म्हण, थांबा.”

तिच्या मागून एका बाईचा सावकाश, गोड आवाज येत होता. मागे राहिलेल्या प्रवाशांची नावं ती इंग्रजीतून पुकारत होती. गजेंद्र बहिणीच्या नावासाठी कान देऊन होता.

“कडूबा तेजनकर,” बाई म्हणाली.

नवऱ्याचे पाय चोळणाऱ्या मनकर्णाबाईंचा हात थांबला.

“दादा, बाबाचं नाव काऊन घेऊन राह्यले हे?”

बाबांचा तर पासपोर्टसुद्धा नव्हता.

“कडूबा तेजनकर. शेवटची पुकार.” आवाज आता फोनमधून आल्यासारखा वाटत नव्हता. तो खोलीतच होता.

“ऐकू नका हो,” म्हणत मनकर्णाबाईंनी नवऱ्याचे दोन्ही कान तळव्यांनी घट्ट झाकले.

“कडूबा तेजनकर.”

चार दिवस शब्द न काढलेल्या कडूबांनी डोळे उघडले. “हाव,” ते खणखणीत आवाजात म्हणाले, “आलो.”

बाई पुकारायची थांबली.

“दादा,” फोनमधून करिष्माचं रडणं आलं, “माह्या समोर गेट बंद केलं.”