कुंडीतला ठसा

२०१९ साली ह्यांनी अंगणातल्या पेरूला गुटी बांधली, म्हणजे फांदीची साल सोलून तिथे ओली माती गुंडाळली. मुळं फुटण्याआधीच हे गेले. घर विकलं. मुळं धरलेली ती फांदी तेवढी मी खराडीला लेकाच्या फ्लॅटमध्ये आणून कुंडीत लावली. ती जगावी, एवढंच मागत होते.

रोज सकाळी कुंडीतल्या मातीत अंगठा दाबल्याची खूण दिसू लागली. ओल बघायला हे तसंच दाबत.

"आई, सारखं काय दाबता? जगू द्या की त्याला," सूनबाई उत्कर्षा म्हणाली.

"मी हात लावत नाही गं."

"मग पेरू स्वतःच ओल बघतो वाटतं!" लेक आमोद हसला. मग वाकून त्यानं ठसा पाहिला आणि स्वतःचा अंगठा त्याच्या शेजारी धरून बघितला. ह्यांच्या अंगठ्याचं टोक कारखान्यात तुटलं होतं. ठसा तसाच आखूड होता.

पुढे आमोद-उत्कर्षा कॅनडाला गेले. पेरू जगला, फळं धरू लागला. कुंडीतला ठसा मात्र थांबला.

आता मी एकटीच असते. कणीक भिजवली की ती पिंडासारखी दिसू नये म्हणून तिच्यावर तीन बोटं उमटवते आणि झाकून ठेवते.

आज झाकण उचललं. माझ्या बोटांशेजारी एक आखूड अंगठा उमटला होता, आणि दबलेली कणीक अजून हळूहळू वर येत होती.