कामावरचा कुत्रा

“आणि तुमचा? तुमचा काय काम करतो?” शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

ओमाहाच्या विमानतळावर सकाळपासून तिघांनी लॉरीनला तिच्या कुत्र्यावरून, पिकल्सवरून, हटकलं होतं आणि तिघांच्याही नाकासमोर तिनं फोनवरचं पत्र धरलं होतं. ह्या माणसाला पत्र दाखवून उपयोग नव्हता. त्याला दिसतच नव्हतं. त्याच्या पायांशी काळा लॅब्रडोर पसरला होता. कुत्र्याच्या अंगावर चामड्याचा साज होता, आणि साजाची उंच मूठ म्हाताऱ्याच्या हाताशी.

“मला गर्दीत धाप लागते,” ती म्हणाली. पत्रातलं वाक्य पाठ होतं. “पिकल्स जवळ असला की जिवाला आधार वाटतो.”

गर्दीत लॉरीनला काहीही होत नसे. दर रविवारी चर्चमध्ये दोनशे माणसांना कॉफी तीच वाटायची. पण पिकल्स सीटखालच्या पिशवीत मावेना, आणि त्याला पिंजऱ्यात घालून सामानाबरोबर धाडायचं तिच्या जिवावर आलं. भाचीनं फोनवरून कुणा डॉक्टरचं पत्र मिळवून दिलं, पंधरा मिनिटांत, डॉक्टरचं तोंडही न बघता. असं पत्र असलं की कुत्रा विमानात मालकाजवळ बसू शकतो. पाठोपाठ कामावरच्या कुत्र्यांचं असतं तसं लाल जॅकेट घरपोच आलं. पिकल्सला ते शोभून दिसत होतं.

“गेल्या महिन्यात ह्याच गेटवर एकानं बदक आणलं होतं,” समोरचा टोपीवाला मध्येच म्हणाला. “लंगोट बांधून! त्याच्याकडेही डॉक्टरचं पत्र होतं.”

“बदकाकडे?” म्हाताऱ्यानं गंभीरपणे विचारलं.

तिघंही हसली. लॉरीन जरा जास्तच मोठ्यानं हसली.

म्हाताऱ्याचं नाव ओटिस ट्रॅमेल. थँक्सगिव्हिंगला लेकीकडे निघाला होता, डेन्व्हरला. “चार दिवस टर्की खायची आणि पळ काढायचा,” तो म्हणाला. “पोरीनं माझ्यासाठी तळघरातली खोली रंगवून ठेवलीय. दर वर्षी नवा रंग! मी म्हणतो, बाई गं, हा गस चालतोय तोवर मी माझ्या घरी. दुकान, न्हावी, बायकोचं थडगं, सगळीकडे हाच नेतो मला.”

“आणि मग पुढे? दुसरा मिळेल ना?”

“एकोणऐंशी चालू आहे मला, मॅडम. कुत्रे देणाऱ्या संस्थेनं सांगून टाकलंय. हा शेवटचा.”

लॉरीननं पिकल्सची दोरी गुडघ्याखाली दाबली आणि पाण्याची बाटली उघडायला घेतली. तेवढ्यात कुणाची तरी बॅग खडखडत शेजारून गेली. पिकल्स दचकला, उसळला, आणि समोरच्या गसच्या तोंडावर तुटून पडला.

गस भुंकला नाही. उलटून दात दाखवायचे नाहीत असंच त्याला शिकवलेलं होतं. तो फक्त मागे सरकत राहिला, बाकाखाली, भिंतीपर्यंत. टोपीवाल्यानं लाल जॅकेटला धरून पिकल्सला ओढून काढलं.

“गस! कुठायस? गस!” म्हातारा जमिनीवर गुडघे टेकून चाचपत होता.

लॉरीनही खाली बसली. तिनं गसचे कान पाहिले, नाक पाहिलं, पापण्या पाहिल्या. रक्त कुठेच नव्हतं. “देवा, तुझे उपकार,” ती म्हणाली, अगदी मनापासून. “काही लागलेलं नाही, मिस्टर ट्रॅमेल! साधा ओरखडासुद्धा नाही. हे बघा ना—” आणि तिनं जीभ चावली. “म्हणजे, खरंच नाही हो. माझा पिकल्स असा नाहीये. आज पहिल्यांदाच...”

म्हाताऱ्याचा तळवा गसच्या छातीवर होता. तिथली धडधड तो अजमावत होता.

विमानात चढायची वेळ झाली. “मिस्टर ट्रॅमेल, तुम्ही आधी या,” गेटवरच्या मुलीनं हाक मारली.

त्यानं मूठ धरली. “चल, गस.”

गस उठला. दोन पावलं गेला. पलीकडे टोपीवाल्यानं धरून ठेवलेला पिकल्स त्याला दिसला, आणि तो जागच्या जागी थिजला. मग वळला आणि धन्याच्या पायांमागे जाऊन अंग चोरून उभा राहिला.

“चल, बाळा. पुढे.”

गस हलला नाही.

“घाबरलाय बिचारा,” लॉरीन म्हणाली. “विमानात बसला की विसरेल सगळं.”

“माझी पहिली कुत्री, रूबी,” म्हातारा सावकाश बोलला. “तिच्यावरही असाच एक कुत्रा धावून आला होता, बाजारात. तिलाही काही लागलं नव्हतं. त्यानंतर कुठेही कुत्रा दिसला की ती थांबायची. भर रस्त्यात, गाड्यांमध्ये, मला घेऊन. शेवटी तिला कामावरून काढावं लागलं.”

तो वाकला. आधी छातीवरचं बक्कल काढलं, मग पोटाखालचं. साज उचलून त्यानं काखेत मारला. गसनं अंग झाडलं. लॉरीनचा जीव भांड्यात पडला. चला, म्हातारा त्याला जरा मोकळा करतोय.

“हात फिरवू का त्याच्यावरनं?” तिनं हळूच विचारलं.

“फिरवा,” म्हातारा म्हणाला. “कामावर होता तोवर सात वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. आता तोही तुमच्या पिकल्ससारखाच. नुसता कुत्रा.”