सहाशे शहाऐंशी पायऱ्या

"त्या स्टेशनवरच्या निळ्या टाइल्स आठवतात ना गं?" कमलाकरांनी विचारलं.

अरुणानं मऊ वरणभाताचा चमचा त्यांच्या तोंडापाशी धरला. "आठवतात की. द्राक्षं तोडणाऱ्या बायकांची चित्रं होती."

"बघता बघता गाडी सुटली आपली!"

"सुटली. आता घास घ्या."

खरं सांगायचं तर पोर्तुगालला जाणारी कुठलीच गाडी या जोडप्यानं कधी पकडली नव्हती, सुटायची बात दूरच. कमलाकरांनी बायकोला लंडनजवळच्या वॉटफर्डहून लेक डिस्ट्रिक्टसुद्धा दाखवलं नव्हतं. छपाईच्या यंत्रांच्या कंपनीत ते सर्व्हिस इंजिनिअर. घर ते काम, काम ते घर, आणि दर सप्टेंबरला चार दिवस एडिनबरा, तिथल्या मशिन्स उघडून साफ करायला. "मी येऊ का?" असं अरुणानं एकदा विचारलं होतं. "तिथं काय बघणार, ग्रीस?" ते म्हणाले. ती पुन्हा विचारायच्या भानगडीत पडली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना विसर पडायला लागला. आधी किल्ल्या हरवल्या, मग घरचा रस्ता, मग मुलीचं नाव. आणि यंदाच्या मार्चमध्ये, कुठून कोण जाणे, त्यांच्या बोलण्यात पोर्तुगालची डोरो नदी आली. तिच्या काठचे पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे, वाइनची पिंपं वाहणाऱ्या चपट्या होड्या, बुचासाठी झाडांची साल सोलून बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडा लिहिणारी माणसं.

"खोडून काढू नका," मेमरी क्लिनिकमधली नर्स म्हणाली. "ते जिथं असतील तिथं तुम्हीही जा."

अरुणा सांगितलेलं नीट करणारी बाई. ती लायब्ररीत गेली, बुचाच्या पर्समधून कार्ड काढलं आणि पोर्तुगालचं गाइडबुक घेऊन आली. ती पिसासारखी हलकी पर्स कमलाकरांनी एका वर्षी एडिनबराहून आणली होती. आपण होऊन आणलेली आयुष्यातली एकमेव वस्तू, म्हणून शिवण उसवली तरी तिनं टाकली नव्हती.

रोज दुपारी ते झोपले की ती अभ्यास करायची. पिन्याओचं स्टेशन, होडीतली दिवसाची सहल, लामेगोच्या टेकडीवरचं चर्च. त्याला सहाशे शहाऐंशी पायऱ्या, असं पुस्तकात होतं. कमलाकरही सहाशे शहाऐंशीच म्हणाले होते. काल काय जेवलो ते न सांगता येणारा माणूस! टीव्हीवर पाहिलं असणार, असं म्हणून तिनं पान उलटलं.

"त्या पायऱ्या तू पळत चढलीस," ते म्हणायचे. "आणि वर जाऊन बाटली उघडलीस."

अरुणाला हसू यायचं. जिना चढताना तिचे गुडघे कुरकुरायचे आणि ख्रिसमस केकमधल्या रमलाही ती नाक मुरडायची. पण नवऱ्याच्या डोक्यात आपले गुडघे शाबूत आहेत, तर आपलं काय जातंय? सोंगात सोंग.

एकच गोष्ट तिला डाचत होती. नर्स दर भेटीत त्यांना विचारायची, "बायकोचं नाव काय?" कमलाकर नुसते हसायचे. एक्केचाळीस वर्षांचा संसार 'अगं'वर निभावलेला. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच, तेही बहिणींनी दार अडवलं म्हणून. ते पुरतं पुसलं जायच्या आत एकदा त्यांच्या तोंडून ऐकावं, एवढीच तिची इच्छा उरली होती.

गुरुवारी ब्रॅकनेलहून ऋजुताचा फोन आला. "आई, बाबांसाठी केअर होममधला तो रूम परत मिळणार नाही. फ्रायडेला ट्वेल्व्हच्या आत सांगायचा आहे. तू किती थकला आहेस, look at your back!"

"बाबा आता बोलतात गं माझ्याशी."

"ते रिअल नाहीये, आई. He's making it up."

"असू दे. खोट्यात तरी मी आहे ना."

"आई प्लीज, या वेळी नाही म्हटला तर मग कधीच नाही."

रात्रभर कंबर ठणकत होती. सकाळी उठताना अरुणानं 'हो' म्हणायचं जवळजवळ ठरवलं. चहा घेऊन ती त्यांच्याशेजारी बसली, तर ते तिच्या पायांकडे टक लावून बघत होते.

"गेला का गं रंग?"

"कसला?"

"हौदात द्राक्षं तुडवलीस ना. पोटऱ्यांपर्यंत जांभळी झाली होतीस. मग मी कोमट पाण्यानं पाय धुतले तुझे. एकेक बोट."

अरुणाला रडू फुटलं. या माणसानं कधी तिला पाण्याचा पेला आणून दिला नव्हता. तो आता तिचे पाय धूत होता, खोटं का होईना, आणि ते तिला हवंहवंसं वाटत होतं. उभी हयात कोरडी गेली; शेवटी शेवटी झरा लागला, तर तो का बुजवायचा?

साडेअकराला तिनं होमला फोन केला. थँक यू म्हणाली, रूम नको म्हणाली. पलीकडच्या बाईनं दोनदा विचारलं, हिनं दोनदा तेच सांगितलं. मग ती परत येऊन त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"आता कुठ्ठं जायचं नाही हं. आपण दोघं इथंच राहायचं, कायमचं."

कमलाकर एकदम कावरेबावरे झाले. दाराकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला.

"कायमचं कसं गं? घरी अरुणाला मी एडिनबराचे चारच दिवस सांगून आलोय."