मोर्चाची तयारी

दूरदेशीच्या लढाईत लहान पोरांना कोठडीत कोंडून मारतात म्हणे. त्याची चौकशी झालीच पाहिजे, म्हणून दुधरामभाऊंनी आमगावात मोर्चा ठेवला. घोषणा द्यायला गावातली पोरं गोळा केली आणि नेते येईस्तोवर पळू नयेत म्हणून धानाच्या गोदामात घालून बाहेरून कुलूप ठोकलं.

"पोरं तहानेनं रडून राहिले, भाऊ. कायले कोंडलं?" सुलोचनाबाईनं विचारलं.

"मोर्चा पोरांसाठीच हाये ना, बाई."

नेते उगवले उन्हं कलल्यावर. आतून पोरं दार बडवत होती, "सोडा आमाले!" भाऊंनी घाबरून किल्ली काढली. पण नेत्यांचे डोळेच भरून आले.

"काय हुबेहूब देखावा उभा केला, दुधराम!"

भाऊंनी किल्ली परत खिशात टाकली.

"सकाळपासून मेहनत घेऊन राहिले जी लेकरं."