मागची सीट

सकाळी डॉक्टरांनी अण्णांना वजनकाट्याकडे पाठवलं आणि तेवढ्यात मुलाच्या कानात सांगितलं, "आता फार तर दीड-दोन महिने." मुलाने ते पोटात ठेवलं आणि ठरल्याप्रमाणे दुपारी अण्णांना घेऊन शोरूममध्ये आला. कुरणावरच्या वासरांना गवत नेता-नेता तिथल्या दगडगोट्यांत जुन्या गाडीने मान टाकली होती, नवी पिकअप घ्यायची होती.

सेल्समनने दोन गाड्या दाखवल्या. चारही चाकांना जोर दोन्हींत सारखाच. स्वस्तातलीला पुढच्या दोनच सीट, पण मागे हौदा लांबलचक. महागातलीला मागे आणखी एक ऐसपैस सीट आणि हौदा आखूड.

"हीच घ्यायची," मुलगा महागडीवर थाप मारत म्हणाला. "पुढे आम्ही नवरा-बायको, मागे तुम्ही."

"अरे, निम्मं गवत खालीच राहील."

"राहू दे. मी दोन खेपा मारीन. तुमच्याशिवाय ती वासरं कुणाला दाद देतात का?" मुलगा जरा जास्तच मोठ्याने हसला.

अण्णा मागे चढून बसले. पाठ टेकली, घटकाभर डोळे मिटले. "झकास आहे," म्हणाले. मग खिडकीतून डोकं काढून त्यांनी सेल्समनला विचारलं, "आज पैसे भरले तर गाडी हातात कधी मिळेल?"

"चार महिने धरून चाला, काका. मागणी फार आहे."

अण्णा सावकाश खाली उतरले. आपल्या बुटांची आत सांडलेली माती त्यांनी हाताने झाडून काढली, दार हळूच लावलं आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "मग दोन सीटवालीच घे रे. गवत जास्त मावेल."